डोळे दुखतात? आधी टेप घ्या

"मॅडम, नजर चालली काय ओ माझी?"

कोल्हापुरात पापाची तिकटीजवळच्या आमच्या चष्म्याच्या दुकानात संध्याकाळी तपासणीला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य हे असतं. गुजरीतले सोन्याचांदीचे कारागीर, महाद्वार रोडच्या दुकानांत हिशेब लिहिणारे, राजारामपुरीतल्या ऑफिसांत दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या मुली, अभ्यासिकेतून तशीच उठून आलेली स्पर्धा परीक्षेची पोरं. कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाचे ओढल्यासारखे होतात, कुणाचं कपाळ धरतं, कुणाला चार वाजल्यानंतर अक्षरांना सावली आल्यासारखी दिसते. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं आणि डोळे जोडीनं नीट काम करतायत का ते बघणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे आधी धीराची गोष्ट सांगते, कारण माणसं खरोखर घाबरलेली असतात : जवळच्या कामाच्या ताणानं मोठ्या माणसाची नजर कायमची जात नाही. त्रास खरा असतो, पण त्यानं डोळ्याच्या आतला पडदा खराब होत नाही. मात्र ताण आहे म्हणजे कुठंतरी काहीतरी जुळत नाही, आणि ते शोधता येतं.

शोधायचं कुठं? तीन ठिकाणी. जवळचं बघण्यासाठी डोळ्याच्या आत एक स्नायू आवळून भिंगाला फुगवत असतो, तो दमतो. दोन्ही बुबुळं नाकाकडे वळवून धरावी लागतात, ते वळवणारे स्नायू दमतात. आणि एकटक बघताना पापणी मिटायची राहते, म्हणून डोळा कोरडा पडतो. या तिघांपैकी पहिल्या दोघांचं सगळं गणित एका गोष्टीवर ठरतं : काम डोळ्यापासून किती अंतरावर आहे. आणि नेमकं हेच कुणाला माहीत नसतं. "किती लांब धरून वाचता?" विचारलं की सगळे हात पुढं करून "हे एवढं" म्हणतात. प्रत्यक्षात तसं कुणीच बसत नाही.

म्हणून शिंप्याची टेप घ्या. नेहमीच्या जागी, नेहमीच्या खुर्चीवर किंवा पाटावर बसा आणि काम सुरू करा. मोजणाऱ्यानं मध्येच येऊन मोजायचं, तुम्ही सावरून बसायचं नाही. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कामापर्यंत सरळ रेषेत किती सेंटिमीटर होतात ते लिहून ठेवा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी दमल्यावर एकदा, कारण दमलं की मान खाली जाते आणि अंतर कमी होतं. मोबाईलचं वेगळं, कॉम्प्युटरचं वेगळं, वहीचं वेगळं. रात्री अंथरुणात पडून मोबाईल बघत असाल तर तेही मोजा. ते बहुतेक वेळा सगळ्यांत कमी निघतं.

आता 100 ला त्या आकड्यानं भागा. जे उत्तर येईल तेवढे डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं माप, चष्म्याचा नंबर असतो तेच) तुमच्या डोळ्याला त्या कामासाठी लावावे लागतात. 66 सेंटिमीटरवरच्या कॉम्प्युटरला दीड. 50 ला दोन. 40 सेंटिमीटरवरच्या पुस्तकाला अडीच. 25 ला थेट चार, आणि नाकाजवळ 20 सेंटिमीटरवर धरलेल्या मोबाईलला पाच. 40 वरून 20 वर आलात तर अंतर निम्मं झालं, पण डोळ्याचं काम दुप्पट झालं. सहा मीटरपलीकडे बघताना मात्र हा स्नायू जवळपास पूर्ण सैल असतो. लांब बघितलं की बरं वाटतं, त्याचं कारण हेच.

ही ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. लहान मुलाकडे ती भरपूर असते, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं आणि चाळिशीच्या आसपास जवळचं धरून ठेवणं जड जायला लागतं. पन्नाशीच्या मध्यापर्यंत ती बहुतेक संपते. आमच्या कामात एक ठोकताळा आहे : जेवढी ताकद शिल्लक आहे त्याच्या निम्मीच सतत वापरली तर डोळा तक्रार करत नाही. त्यापुढं ओढलं की दुपारनंतर कपाळ धरतं.

गुजरीतल्या एका कारागिराचं उदाहरण सांगते. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वय, साजाची पानडी करणारा हात. "चष्मा नवा हाय, नंबर बी बरोबर हाय म्हणत्यात, तरी संध्याकाळी डोळं उघडं ठेवू वाटंना झालंय." तपासलं, नंबर खरोखर बरोबर होता. जवळचा पावणेदोन. त्या चष्म्यानं वाचायचा तक्ता अगदी सुरेख वाचला, कारण तो तक्ता 40 सेंटिमीटरवर होता आणि चष्मा 40 सेंटिमीटरसाठीच दिलेला होता. मग त्यांना खुर्चीतून उठवून टेबलाशी बसवलं, हातात चिमटा दिला आणि एक बारीक मणी उचलायला सांगितलं. मान आपोआप खाली गेली. मोजलं तर 25 सेंटिमीटर. म्हणजे काम मागत होतं चार डायॉप्टर, चष्मा देत होता पावणेदोन, आणि राहिलेले सव्वादोन त्या माणसाचा स्वतःचा डोळा सकाळी दहापासून ओढत होता. त्या वयात एवढं बहुतेक शिलकीतलं सगळंच असतं. कामासाठी वेगळा चष्मा करायचा, जास्त नंबरचा, फक्त टेबलावर वापरायचा, एवढाच उपाय होता. तो घालून उभं राहून गिऱ्हाईकाकडं बघितलं तर गिऱ्हाईक पुसट दिसणार, हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर माणूस चष्मा चुकला म्हणून परत येतो.

हुपरीत चांदीचं काम करणारे, चप्पल लाईनीसाठी चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालणाऱ्या बायका, घड्याळ दुरुस्तीवाले, फॉल-पिको आणि भरतकाम करणाऱ्या, या सगळ्यांना हे लागू आहे. चष्मा करताना "जवळचा द्या" एवढं म्हणू नका. "माझं काम अमुक सेंटिमीटरवर असतं" असं म्हणा. हा एक आकडा सांगितला तर तपासणाऱ्याचं अर्धं काम होतं. काम 20 सेंटिमीटरच्याही आत जात असेल तर नुसता नंबर वाढवून भागत नाही. तिथं डोक्याला लावायचं भिंग वापरा, म्हणजे वस्तू मोठी दिसते आणि डोळे नाकाकडं एवढे वळवावे लागत नाहीत.

कॉम्प्युटरवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं अंतर बरं असतं, घोटाळा उंचीत असतो. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. स्क्रीन उंचावर ठेवली की तो भाग वापरायला हनुवटी वर करून बसावं लागतं, आणि मग डोळ्यांआधी मान दुखते. "मानेचा पट्टा लावला तरी कमी येईना" म्हणणाऱ्या बाईंना मी विचारते की मॉनिटरखाली काय ठेवलंय. बहुतेक वेळा जाडजूड फाईल किंवा खोकं ठेवलेलं असतं. ते काढा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांची आणखी खाली. अंतर 50 ते 70 सेंटिमीटर. दिवसाचे सहा-आठ तास स्क्रीनवर जात असतील तर त्याच अंतराचा एक साधा, एकाच नंबरचा चष्मा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असावा, हे माझं स्पष्ट मत आहे. तो प्रोग्रेसिव्हपेक्षा स्वस्त पडतो आणि मान वाचते. मोबाईलवर अक्षरं मोठी करून ठेवा. अक्षर मोठं झालं की हात आपोआप लांब जातो.

तरुण पोरांचं काय? त्यांच्याकडे तर ताकद भरपूर असते. तरीही अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणाऱ्यांपैकी काहींचं डोकं रोज दुखतं, आणि "नंबर नाही, 6/6 आहे" असं ऐकून ती परत गेलेली असतात. 6/6 म्हणजे लांबचं स्पष्ट दिसतं, एवढंच. प्लस नंबर असलेला तरुण डोळा जोर लावून 6/6 वाचतो, आणि तो जोर दिवसभर चालूच राहतो. असा लपलेला नंबर काढायला डोळ्यात थेंब घालून तो स्नायू सैल करून तपासावं लागतं. अर्ध्या नंबरचा सिलिंडरसुद्धा (आडव्या-उभ्या दिशेला वेगवेगळा असणारा नंबर) दहा तास वाचणाऱ्याला त्रास देतो, दिवसातून तासभर वाचणाऱ्याला तो जाणवतही नाही. तिसरी शक्यता अशी की दोन्ही डोळे जवळ वळवून धरायची ताकदच कमी असते. घरी बघायचं असेल तर पेन हाताच्या अंतरावर धरा, टोकाकडे बघत बघत हळूहळू नाकाकडे आणा. साधारण दहा सेंटिमीटरच्या आधीच टोकं दोन दिसायला लागली, आणि दर वेळी तसंच होत असेल, तर डोळे जोडीनं काम करतात का ते मुद्दाम तपासून घ्या. याला व्यायाम असतात आणि ते चांगले लागू पडतात, पण कुणाला कोणते आणि किती हे तपासून ठरतं. मोबाईलवर बघून आपल्या मनानं करू नका.

पापणीचं काम

आपण सहज मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे किंवा बारीक कामाकडे लक्ष लागलं की हे प्रमाण एक तृतीयांशापर्यंत खाली येतं, आणि जी मिटते तीही अर्धवटच. वरची पापणी खालीपर्यंत येत नाही, मग बुबुळाचा खालचा भाग उघडाच राहतो. अश्रूंवर तेलाचा एक अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे ते लगेच उडून जात नाहीत. ते तेल पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतं आणि पापणीला पापणी टेकली की पसरतं. पापणी टेकलीच नाही तर डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, आणि मग एकदम घळाघळा पाणी येतं. पाणी येतं म्हणून "माझा डोळा कोरडा कसा असेल?" असं लोक विचारतात. कोरडेपणानं डोळा खुपतो, आणि खुपतो म्हणून पाणी येतं.

स्वतःचं बघायचं असेल तर काम करताना मोबाईल समोर टेकवून पाच मिनिटं चेहऱ्याचं चित्रण करा आणि मग मोजा. पापण्या पूर्ण टेकतात का तेही बघा. सवय लावायची ती अशी : डोळे सावकाश मिटा, दोन सेकंद मिटलेले ठेवा, उघडा. असं पाच वेळा, तासातून एकदा. फाईल सेव्ह केली की, फोन ठेवला की, दागिन्याला एक डाग देऊन झाला की, अशा कुठल्यातरी ठरलेल्या कामाला ते जोडून टाका. नुसतं "आठवण ठेवीन" म्हणून होत नाही.

वाऱ्याकडेही लक्ष द्या. टेबलफॅन तोंडावर असेल तर तो पायांकडे वळवा. एसीचा झोत कपाळावर येत असेल तर खुर्ची सरकवा. आपल्याकडे सगळं गाव दुचाकीवर, आणि उकाड्यात हेल्मेटची काच वर करून जायची सवय. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून तसं घरी आलात की डोळे लाल होणारच. काच खाली ठेवा.

शेक हा उपाय मी मनापासून सांगते, कारण तो बिनखर्चाचा आहे आणि गुण येतो. स्वच्छ सुती रुमाल कोमट पाण्यात भिजवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. ऊब सुखाची वाटली पाहिजे, चटका नको. मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा, गार झाला की पुन्हा भिजवा. नंतर स्वच्छ बोटानं वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेनं, हलकेच चोळा. पापण्यांतलं घट्ट झालेलं तेल त्यानं सुटतं. रोज रात्री एकदा, निदान दोन आठवडे. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा पू येत असेल तर शेक नको, डॉक्टरांना दाखवा.

उजेड आणि विसावा

उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. अंधारात स्क्रीन एकटी झगझगत नको, तिचा उजेड मागच्या भिंतीच्या उजेडाइतपतच असावा. स्क्रीन बंद करून तिच्यात बघा. ट्यूब किंवा खिडकी दिसली तर दिवसभर तुम्ही तिच्या आडून वाचताय, तेव्हा स्क्रीनचं तोंड वळवा. सोन्याचांदीच्या कामाला उघडा एलईडी चमक मारतो, त्यावर दुधी झाकण हवं. साठीतल्या माणसाला विशीतल्यापेक्षा बराच जास्त उजेड लागतो, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचायला जवळचा दिवा द्या.

दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद बघायचं, हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. तो पाळायला सोपा म्हणून चांगला. गुजरीच्या बोळात बसणारे म्हणतात, समोर भिंतच आहे, वीस फूट आणायचे कुठून? दारात येऊन बोळाच्या लांबीकडे बघा, दुसऱ्या टोकाची पाटी वाचा. ऑफिसात खिडकी नसेल तर जिन्याच्या तोंडाशी जा. विसाव्यात मोबाईल बघितला तर तो विसावा नव्हे, कारण डोळ्याच्या दृष्टीनं काम आणखी जवळ आलं. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर चालत असाल तर पाण्यापलीकडच्या शालिनी पॅलेसकडे बघत चाला, फोन खिशात राहू दे.

डोळ्यात काय घालायचं, काय नाही

गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस, तूप यांतलं काहीही नाही. ती निर्जंतुक नसतात आणि आधीच कोरड्या झालेल्या बुबुळावर जखम किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आवळून डोळा पांढरा दाखवतात, असर उतरला की लाली जोरानं परत येते आणि मग ते सुटत नाहीत. सगळ्यांत धोक्याचे म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. मेडिकलमधून "मागच्या वेळचेच द्या" म्हणून आणले जातात, घातल्याबरोबर बरं वाटतं, आणि महिनोन्‌महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. घरातल्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का ते आजच बघा. तसं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते वापरू नका.

कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात. बऱ्याच बाटल्यांवर कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज हे नाव दिसेल. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. बाटली कधी उघडली त्याची तारीख तिच्यावर लिहा आणि साधारण महिन्यानं ती टाकून द्या.

ब्लू-कट, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड अडवणाऱ्या काचेबद्दल रोज विचारणा होते. वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं 2023 साली 17 चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात डोळ्यांचा ताण कमी होण्यासाठी या काचांचा साध्या काचांपेक्षा काही फायदा दिसला नाही. ते पैसे वेगळ्या कामाच्या चष्म्यावर खर्च करा, असं मी सांगते.

मधुमेह असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं. साखर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही बदलतो. तेव्हा केलेला चष्मा साखर ताब्यात आल्यावर चुकीचा वाटतो. साखर काही आठवडे स्थिर राहू दे, मग नंबर काढा. आणि नंबर असो वा नसो, पडद्याची तपासणी वर्षातून एकदा झालीच पाहिजे.

मुलांचं गणित वेगळं आहे. वाढत्या वयात सतत जवळचं बघणं आणि घरात कोंडून राहणं यांनी मायनस नंबर लागायची आणि वाढायची शक्यता वाढते. रोज सुमारे दोन तास उघड्यावर, उजेडात खेळलं तर नंबर लागण्यापासून संरक्षण मिळतं. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोराला सारखं आत बोलावू नका.

ताण म्हणून अंगावर काढू नये असं काही

ताणाची डोकेदुखी काम वाढत जाईल तशी वाढते आणि सुट्टीच्या दिवशी कमी असते. सकाळी उठल्याउठल्याच डोकं ठणकत असेल आणि उलटी होत असेल तर तो चष्म्याचा विषय नाही. एका डोळ्याची नजर अचानक कमी होणं, विजा चमकल्यासारखं दिसणं, एकदम काळे ठिपके वाढणं, कडेनं पडदा ओढल्यासारखं होणं, एकाचं अचानक दोन दिसणं, डोळा दुखून दिव्याभोवती रंगीत वलयं दिसणं आणि सोबत मळमळ, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा. चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नका, आमच्याकडेही नाही. एक डोळा झाकून दुसऱ्यानं कॅलेंडर वाचायचं आणि मग उलट, ही तपासणी घरच्या घरी महिन्यातून एकदा करा. दोन्ही उघडे असले की एका डोळ्याची कमी दुसरा झाकून टाकतो आणि कळायला उशीर होतो.

तपासणीला जाताना मोजलेल्या अंतरांची चिठ्ठी, सगळे जुने चष्मे, चालू गोळ्यांची नावं आणि डोळ्यात घालत असलेले थेंब बाटलीसकट बरोबर न्या. घरात कुणाला काचबिंदू असेल तर न विचारता सांगा. शक्यतो सकाळी जाऊ नका. त्रास संध्याकाळी होत असेल तर संध्याकाळीच, दमलेल्या डोळ्यांनी जा, म्हणजे सकाळी लपून राहणारा दोष सापडतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास जवळचं पुसट दिसतं आणि उजेड सहन होत नाही, तेव्हा गाडी घरी ठेवा आणि सोबत कुणाला तरी घेऊन जा.